स्टेंटनंतरही एलडीएल ८४ वर अडकले आहे : दुसरे औषध कोणते जोडावे आणि केव्हा जोडू नये?

प्रश्नकर्ता : कांदिवलीचा वाचक

सप्रेम नमस्कार. माझे वय ५७ असून मी कांदिवलीत राहतो. चौदा महिन्यांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला, आणि तेव्हापासून मी रोज रात्री अटोर्व्हास्टॅटिन ४० मि.ग्रॅ.ची गोळी घेत आलो आहे. मधुमेह गेली आठ वर्षे आहे आणि मागच्या आठवड्यातील एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी, ७.४ आले. झटका आला तेव्हा माझे एलडीएल, म्हणजे वाईट समजले जाणारे कोलेस्टेरॉल, १४८ होते. आताच्या तपासणीत ते ८४ आहे, एचडीएल (चांगले समजले जाणारे कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २१२ आणि एकूण कोलेस्टेरॉल १६२.

हे आकडे दोन डॉक्टरांना दाखवले आणि माझा गोंधळ उडाला. हृदयरोगतज्ज्ञांनी अटोर्व्हास्टॅटिन बंद करून रोझुव्हास्टॅटिन २० आणि इझेटिमाइब १० अशी एकत्रित गोळी लिहून दिली. आमच्या घरचे डॉक्टर, ज्यांनी माझ्या दोन्ही मुलांची बालपणीची दुखणी काढली आणि ज्यांच्या शब्दाला आमच्या घरात वजन आहे, त्यांचे म्हणणे असे की एलडीएल शंभरच्या खाली आहे म्हणजे ते ठीकच आहे, खरा दोष ट्रायग्लिसराइडचा आहे, म्हणून इझेटिमाइबऐवजी ट्रायग्लिसराइड उतरवणारे फेनोफायब्रेट जोडावे. मला कोणाचीही चूक काढायची नाही. दोन जाणकार माणसे एकाच कागदाकडे पाहून दोन वेगळी औषधे का सुचवतात, एवढेच समजून घ्यायचे आहे.

दुसरी बाब पत्नीची. तिचे वय ४९, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. सोसायटीत भरलेल्या तपासणी शिबिरात तिचे एकूण कोलेस्टेरॉल २२६, एलडीएल १४२, एचडीएल ५२ आणि ट्रायग्लिसराइड १६० आले, आणि तो कागद पाहून एका ओळखीच्या गृहस्थांनी स्वतः घेत असलेली रोझुव्हास्टॅटिन आणि फेनोफायब्रेट यांची एकत्रित गोळी तिलाही सुचवली. ती गोळी दुकानातून आणून तीन आठवडे घेऊनही झाली. हे योग्य झाले का? एकत्रित औषध नेमके कोणाला लागते आणि कोणी त्यापासून दूर राहावे, हे कोणी नीट समजावून सांगितल्यास उपकार होतील.


उत्तर १ : माटुंग्याचा निवृत्त मास्तर

मी वैद्यकीय महाविद्यालयात एकतीस वर्षे औषधशास्त्र शिकवले. रुग्ण तपासणे हे माझे काम नव्हते, म्हणून तुमचा निर्णय तुमचे हृदयरोगतज्ज्ञच घेतील हे गृहीत धरून फक्त औषधांच्या कामाविषयी लिहितो.

शरीरात कोलेस्टेरॉल दोन वाटांनी येते. यकृत ते तयार करते, आणि आतडे अन्नातले व पित्तातून परत आलेले कोलेस्टेरॉल शोषून घेते. स्टॅटिन (अटोर्व्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन ही त्याच गटातली) पहिली वाट अडवते. यकृतात उत्पादन घटले की यकृतपेशी रक्तातले एलडीएल ओढून घेण्यासाठी आपल्या पृष्ठभागावर जास्त ग्राहके, म्हणजे एलडीएल पकडणारे रेणू, उभी करतात आणि रक्तातील पातळी उतरते. परंतु एक वाट आवळली की शरीर दुसरी थोडी सैल करते, त्यामुळे स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली तरी एलडीएल मूळच्या पातळीच्या साधारण ६ टक्केच आणखी घटते. वर्गात मी हे सांगे तेव्हा मुलांचा विश्वास बसत नसे, कारण मात्रा दुप्पट म्हणजे परिणाम दुप्पट अशीच आपली बाजारी समजूत असते. इझेटिमाइब आतड्याच्या भिंतीतील शोषणाचे दार बंद करते, म्हणजे दुसरीच वाट अडवते, आणि म्हणून स्टॅटिनवर उरलेल्या एलडीएलमधून आणखी सुमारे २० टक्के कमी करते.

आता तुमचेच आकडे घ्या. अटोर्व्हास्टॅटिन ४० चे ८० केले, तर तुमचे ८४ फार तर ७५ ते ७८ पर्यंत येईल. मात्रा तीच ठेवून इझेटिमाइब जोडले, तर ६६ च्या आसपास. तुमच्या तज्ज्ञांनी स्टॅटिनही थोडे जोरकस केले आणि इझेटिमाइबही जोडले, म्हणजे ते ६० च्या जवळ पोहोचू पाहत आहेत. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत झटका येऊन गेलेल्या, म्हणजे अतिजोखमीच्या रुग्णासाठी एलडीएल ५५ च्या खाली असावे असे म्हटले आहे. 'शंभरच्या खाली म्हणजे ठीक' हा निकष कमी जोखमीच्या माणसाचा आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर उजवीकडे छापलेली सामान्य पातळी तुमचा स्टेंट पाहून छापलेली नसते.

या जोडीला पुरावा कोणता, हेही सांगतो. इम्प्रूव्ह-इट नावाची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत नुकताच हृदयविकाराचा तीव्र त्रास होऊन गेलेले १८,१४४ रुग्ण होते. एका गटाला केवळ सिम्व्हास्टॅटिन, दुसऱ्याला त्यासोबत इझेटिमाइब. सात वर्षांत पहिल्या गटातील ३४.७ टक्के रुग्णांना मृत्यू, झटका, पक्षाघात यांसारखी मोठी घटना घडली, दुसऱ्या गटात ३२.७ टक्के रुग्णांना. म्हणजे शंभर माणसांनी सात वर्षे ही जादा गोळी घेतली तर दोघांची अशी घटना टळली. हा आकडा लहान आहे, आणि तो लहान आहे असे सांगूनच औषध द्यावे, या मताचा मी आहे. मात्र मधुमेह असलेल्यांत हा फायदा अधिक दिसला, आणि तुम्ही त्या गटात मोडता. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातून रेसिंग ही चाचणी आली. तीत ३,७८० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना रोझुव्हास्टॅटिन २० दिले आणि निम्म्यांना रोझुव्हास्टॅटिन १० अधिक इझेटिमाइब १०. तीन वर्षांत घटनांचे प्रमाण जवळजवळ सारखे राहिले, पण त्रासामुळे औषध बंद किंवा कमी करावे लागलेले रुग्ण जोडीच्या गटात ४.८ टक्के आणि एकट्या मोठ्या मात्रेच्या गटात ८.२ टक्के होते. ज्यांना स्टॅटिनची मोठी मात्रा सोसत नाही, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे. तुम्हाला रोझुव्हास्टॅटिन २० ने अंग दुखू लागले, तर मात्रा निम्मी करून इझेटिमाइब चालू ठेवण्याचा पर्याय तुमच्या डॉक्टरांकडे असतो.

जोड औषधाची गरज मुख्यतः अशांना असते : तुमच्यासारखे, ज्यांना घटना घडून गेली आहे आणि पूर्ण मात्रेच्या स्टॅटिननंतरही जे लक्ष्यापासून दूर आहेत, ज्यांना मोठी मात्रा सोसत नाही, आणि ज्यांचे एलडीएल जन्मजात दोषामुळे १९० च्या वर असते. या तिसऱ्या गटात आईवडिलांना किंवा भावंडांना लहान वयात झटका आलेला असतो, कधी टाचेमागच्या शिरेवर गाठी दिसतात, आणि एकटे स्टॅटिन पुरेल अशी आशा सुरुवातीपासूनच नसते. जोडीनेही भागले नाही तर पुढे बेम्पेडोइक ॲसिड आहे, त्वचेखाली घ्यायची इंजेक्शने आहेत. त्यांतले एक तर सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदाच घ्यावे लागते, पण खर्च पाहता तो विषय आज तुमचा नाही.

कोणत्या जोड्या टाळाव्यात, हे मी परीक्षेत हटकून विचारत असे. स्टॅटिन आणि जेमफायब्रोझिल (फेनोफायब्रेटच्याच कुळातले औषध) ही जोडी घेऊ नये. जेमफायब्रोझिल स्टॅटिनचा शरीरातून होणारा निचरा अडवते, रक्तात स्टॅटिन साचते आणि स्नायू विरघळू लागतात. सेरिव्हास्टॅटिन नावाचे औषध २००१ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले, त्या प्रकरणातील अनेक रुग्ण हीच जोडी घेत होते. स्टॅटिन आणि नायसिन (ब गटातील एक जीवनसत्त्व) ही जोडी धोक्यापेक्षा निरुपयोगीपणामुळे मागे पडली. २०११ मधील एम-हाय चाचणी फायदा दिसत नसल्याने मुदतीआधीच थांबवली गेली, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक रुग्णांच्या एचपीएस-टू-थ्राइव्ह या चाचणीत फायदा शून्य, उलट साखर बिघडणे, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढलेले आढळले. नायसिनने कागदावरचे एचडीएल झकास वाढत असे, माणूस मात्र वाचत नसे. गरोदरपणात, गर्भधारणेचा विचार असताना किंवा स्तनपान करताना यांतील कोणतीही जोडी तज्ज्ञांच्या स्पष्ट सल्ल्याशिवाय घेऊ नये. यकृताचा सक्रिय विकार असतानाही तसेच.

फेनोफायब्रेटबद्दल रोज रुग्ण पाहणाऱ्याने लिहावे. माझे मत आहे, पण ते पुस्तकी आहे.


उत्तर २ : मुलुंडची लेक

वरील उत्तर वाचून आमच्या घरचा अनुभव लिहिते. माझी आई ७१ वर्षांची आहे. तिला मधुमेह व रक्तदाब असून मूत्रपिंडाचे काम आधीच मंदावलेले होते. मूत्रपिंडाचे काम मोजणारे क्रिएटिनिन १.४ असे. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात तिला रोझुव्हास्टॅटिन २० सुरू असतानाच ट्रायग्लिसराइडसाठी फेनोफायब्रेट जोडले गेले. त्या वेळी मूत्रपिंडाचा अहवाल कोणी मागितला नाही, आणि आम्हीही तो फाइलमधून काढून पुढे केला नाही, हे कबूल केले पाहिजे.

सहा आठवड्यांनी आई जिना चढताना मांड्यांत दुखते म्हणू लागली. आम्ही वयावर ढकलले. ती स्वतः तर म्हणाली की रेल्वेचे पूल आयुष्यभर चढले, आता गुडघे सूड घेत आहेत. नियमित तपासणीत क्रिएटिनिन १.९ दिसले तेव्हा मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी फेनोफायब्रेट त्याच दिवशी बंद केले, रोझुव्हास्टॅटिन ५ वर आणले आणि स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारा सीपीके तपासायला सांगितला. तो वाढलेला होता, पण भीती वाटावी इतका नव्हता. दोन महिन्यांत क्रिएटिनिन १.५ वर आले आणि मांड्यांचे दुखणे गेले. त्यानंतर त्यांनी इझेटिमाइब जोडले, आणि ते मात्र आजतागायत सुरळीत चालू आहे.

मला त्यांनी सांगितले ते असे की फेनोफायब्रेटने क्रिएटिनिन थोडे वाढणे नेहमीचे आहे व बहुधा औषध थांबवल्यावर ते उतरते, परंतु मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर औषध आणि स्टॅटिन दोन्ही साचतात आणि स्नायूंवरचा धोका वाढतो. तेव्हा दुसरी गोळी सुरू होण्याआधी क्रिएटिनिनचा ताजा कागद डॉक्टरांच्या टेबलावर स्वतःहून ठेवावा. आमची चूक तिथेच झाली.


उत्तर ३ : पार्ल्याचा फिजिशियन

प्रश्नकर्त्यांच्या घरच्या डॉक्टरांची बाजू आधी मांडतो, कारण त्यांचा विचार निराधार नाही. २०१० मध्ये मधुमेही रुग्णांवरील ॲकॉर्ड या चाचणीचा लिपिडविषयक भाग प्रसिद्ध झाला. सिम्व्हास्टॅटिनला फेनोफायब्रेट जोडून ५,५१८ रुग्णांत एकंदर फायदा दिसला नाही, पण ज्यांचे ट्रायग्लिसराइड २०४ वा अधिक आणि एचडीएल ३४ वा कमी होते, त्या लहान उपगटात फायद्याचा भास झाला. आमच्या पिढीतील कित्येक डॉक्टरांनी त्या उपगटाच्या जोरावर दहा वर्षे फेनोफायब्रेट लिहिले. मीही लिहिले.

मग तो भास खरा की खोटा हे पाहण्यासाठी मुद्दाम त्याच प्रकारचे रुग्ण निवडून प्रॉमिनंट ही चाचणी झाली : मधुमेह आहे, ट्रायग्लिसराइड २०० ते ४९९, एचडीएल ४० वा त्याहून कमी, आणि बहुतेक सर्वजण स्टॅटिनवर. प्रश्नकर्त्यांनी आपले आकडे पुन्हा पाहावेत, ते या चौकटीत तंतोतंत बसतात. १०,४९७ रुग्णांना फायब्रेट गटातील पेमाफायब्रेट हे नवे औषध किंवा खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी देण्यात आली. २०२२ मध्ये निकाल आला. ट्रायग्लिसराइड चांगले पाव हिश्श्याने उतरले, पण झटके व पक्षाघात यांत फरक पडला नाही, एलडीएल उलट किंचित वाढले, आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी व शिरांत रक्ताची गाठ होण्याचे प्रकार औषधाच्या गटात अधिक आढळले. औषध नेमके फेनोफायब्रेट नव्हते हे खरे, पण ते त्याच कुळातले आहे, आणि या निकालानंतर २१२ ट्रायग्लिसराइडसाठी मी हृदयरक्षणाच्या नावाने फेनोफायब्रेट लिहीत नाही.

ते लिहितो ते दुसऱ्या कारणासाठी. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेले, आणि विशेषतः हजाराच्या दिशेने निघाले, की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तो आजार जीवघेणा होऊ शकतो, आणि तिथे फेनोफायब्रेट आपले काम चोख करते. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर होणारी हानी ते मंदावते असे दाखवणाऱ्या चाचण्याही आहेत, पण तो निर्णय नेत्रतज्ज्ञांसोबत घ्यायचा असतो. पित्ताशयात खडे असणाऱ्यांना, यकृताच्या विकारात आणि मूत्रपिंडाचे काम फारच घटले असेल तेव्हा मी ते देत नाही. मुलुंडच्या ताईंनी लिहिलेला प्रसंग आम्हाला वर्षाकाठी काही वेळा पाहावा लागतो. स्टॅटिनसोबत द्यायचेच तर रोझुव्हास्टॅटिनची मोठी मात्रा नको, आणि आधी व सहा ते आठ आठवड्यांनी क्रिएटिनिन पाहायचेच.

२१२ चे काय करायचे, असा प्रश्न राहतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा : १६२ उणे ३६ म्हणजे १२६. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसात आम्ही एलडीएलसोबत याकडे पाहतो, कारण धमनीत शिरणारे सगळे कण त्यात मोजले जातात. अतिजोखमीच्या रुग्णात तो आकडा ८५ च्या खाली हवा. तो खाली आणण्याचे काम जोरकस स्टॅटिन आणि इझेटिमाइब करतात, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांची गोळी दोन्ही डॉक्टरांच्या काळजीला उत्तर देते. उरलेले ट्रायग्लिसराइड साखरेशी बांधलेले आहेत. एचबीएवनसी ७.४ वरून साडेसहाकडे आले, तीन-चार किलो वजन उतरले आणि शनिवारची दारूची बैठक असेलच तर ती बंद झाली, की २१२ चे १६० झालेले मी पुष्कळदा पाहिले आहे. बैठक आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मुंबईत पंचावन्नच्या पुढच्या पुरुषाला हा प्रश्न विचारल्याशिवाय मी ट्रायग्लिसराइडची गोळी लिहीत नाही.

पत्नींविषयी माझे मत ठाम आहे. ती गोळी आजच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. १६० ट्रायग्लिसराइडला फेनोफायब्रेटचे काही काम नाही. १४२ एलडीएलला स्टॅटिन लागेल की नाही, हे त्यांचा रक्तदाब, घरातील इतिहास, पाळी केव्हा थांबली, तंबाखू वा मिश्रीची सवय आहे का, यावर ठरते, आणि अनेकदा उत्तर 'सहा महिने आहार-व्यायाम करून पुन्हा पाहू' असे असते. त्याआधी थायरॉइडचा टीएसएच तपासा. थायरॉइड मंदावले की एलडीएल चढते, आणि त्या अवस्थेत स्टॅटिन दिले तर स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. शिवाय एक लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, आनुवंशिकतेने ठरणारा कण) ही तपासणी आयुष्यात एकदा प्रश्नकर्त्यांनी स्वतः करून घ्यावी. आपल्या लोकांत ते वाढलेले असणे दुर्मिळ नाही, आणि ५० मि.ग्रॅ.च्या वर निघाले तर मुलांनाही लवकर तपासता येते.


उत्तर ४ : गिरगावचा औषधविक्रेता

काउंटरच्या या बाजूचे दोन शब्द. आपल्याकडे रोझुव्हास्टॅटिनच्या एकाच नावामागे 'एफ', 'ईझेड', 'ए', 'गोल्ड' अशी शेपटे लागतात. बहुधा एफ म्हणजे फेनोफायब्रेट, ईझेड म्हणजे इझेटिमाइब, ए म्हणजे ॲस्पिरिन, आणि गोल्ड म्हणजे ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी दोन्ही. गिऱ्हाईक रिकामी पट्टी नाचवत येते, 'तीच कोलेस्टेरॉलची द्या' म्हणते, आणि गर्दीच्या वेळी शेपटाकडे दुर्लक्ष झाले की माणूस भलतेच औषध घेऊन जातो. सोसायटीतल्या गृहस्थांनी आपली गोळी वहिनींना सुचवली तसेच पुष्कळ ठिकाणी चालते. ती चिठ्ठीशिवाय विकली गेली हा आमच्याच धंद्यातला दोष आहे.

ॲस्पिरिनची जोड असलेली कॅप्सूल मला सर्वांत जास्त सतावते. कित्येकांना आपण रोज ॲस्पिरिन घेतो हेच ठाऊक नसते. दाताच्या डॉक्टरांनी 'रक्त पातळ करणारे काही चालू आहे का' असे विचारले की ते मनापासून नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती कोलेस्टेरॉलची गोळी असते. ज्यांना कधी झटका आलेला नाही अशा वयस्कर माणसांना ॲस्पिरिनने फायद्यापेक्षा रक्तस्रावच अधिक होतो, हे २०१८ च्या ॲस्प्री चाचणीनंतर पुष्कळ डॉक्टर सांगतात, तरी ती कॅप्सूल सवयीने चालूच राहते.

कांदिवलीकर, तुम्ही स्वतःचेही पाहा. स्टेंटनंतर दोन रक्त पातळ करणारी औषधे साधारण वर्षभर देतात. तुम्हाला चौदा महिने झाले. तुमची दुसरी एखादी कॅप्सूल 'गोल्ड' जातीची असेल, तर तिच्या पोटातही रोझुव्हास्टॅटिन किंवा अटोर्व्हास्टॅटिन असू शकते, आणि नव्या गोळीसोबत घेतल्यास स्टॅटिन दुप्पट होईल. पट्टीच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचा. काहीही आपल्या मनाने थांबवू नका, विशेषतः क्लोपिडोग्रेल. पट्ट्या पिशवीत घालून तज्ज्ञांकडे न्या.


उत्तर ५ : ठाकुरद्वारची वहिनी

माझ्या मिस्टरांना अटोर्व्हास्टॅटिन ८० चालू होते. पोटातील जंतूंसाठी चौदा दिवसांचा औषधसंच मिळाला आणि आठव्या दिवशी त्यांना हात वर करवेना. लघवी गडद झाली होती. अशा वेळी कोणती औषधे जुळत नाहीत?


उत्तर ६ : माटुंग्याचा निवृत्त मास्तर

वहिनी, पोटातील हेलिकोबॅक्टरच्या त्या संचात बहुधा क्लॅरिथ्रोमायसिन असते. अटोर्व्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन यकृतातील ज्या विकराने (एन्झाइमने) मोडले जातात, त्याच विकराला क्लॅरिथ्रोमायसिन अडवते. सिम्व्हास्टॅटिन त्या काळात पूर्ण बंद ठेवतात. अटोर्व्हास्टॅटिनची मात्रा २० च्या वर जाऊ देत नाहीत, किंवा तेवढे दिवस थांबवतात. रोझुव्हास्टॅटिन त्या विकरावर अवलंबून नाही. बुरशीवरील इट्राकोनॅझोल, गाउटसाठीचे कोल्चिसिन, अवयवरोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन, या सगळ्यांबाबत स्टॅटिन घेणाऱ्याने आधी विचारावे. स्नायूंच्या दुखण्यासोबत गडद लघवी हे तातडीचे लक्षण आहे. तेव्हा औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे असते, आणि सीपीके सामान्य मर्यादेच्या दहापट वर असेल तर स्टॅटिन निश्चितपणे बंद होते. तुमच्या मिस्टरांची तपासणी झाली नसेल तर आजच करून घ्या.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्ट तांदळाच्या कॅप्सूलमध्ये जो घटक असतो, तो रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे. स्टॅटिनसोबत ती घेणे म्हणजे न सांगता दुसरे स्टॅटिन घेणे.


प्रश्नकर्ता : कांदिवलीचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला अडीच आठवडे लागले, कारण सांगण्यासारखे काही हाती येईपर्यंत थांबलो.

गिरगावकरांनी लिहिले तसेच निघाले. रात्रीच्या पट्टीवर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अटोर्व्हास्टॅटिन १० अशी तीन नावे होती, म्हणजे मी चौदा महिने ४० नव्हे तर ५० मि.ग्रॅ. घेत होतो आणि तरीही ८४. तज्ज्ञांनी पट्ट्या पाहून क्लोपिडोग्रेल थांबवले, ॲस्पिरिन सुटे लिहून दिले आणि रोझुव्हास्टॅटिन-इझेटिमाइब सुरू केले. आठ आठवड्यांनी लिपिड, यकृत आणि क्रिएटिनिन पाहायचे आहे. घरच्या डॉक्टरांना मी १२६ आणि ८५ हे आकडे कागदावर लिहून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मग आधी साखर आण ताळ्यावर." बैठकीविषयी पार्ल्याच्या डॉक्टरांचा अंदाज खरा होता. तीन शनिवार झाले, बंद आहे.

पत्नीचा टीएसएच १४.२, म्हणजे बराच वाढलेला, आला. गोळी थांबवली, थायरॉइडचे औषध सुरू झाले. कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी. एक विचारायचे राहिले : नवी गोळी सकाळी घ्यावी की रात्री? मला रात्री जेवणानंतर जळजळीसाठी पातळ अँटासिड घ्यावे लागते.


उत्तर ७ : पार्ल्याचा फिजिशियन

रोझुव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब दोन्ही दिवसात कोणत्याही ठराविक वेळी चालतात. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे अँटासिड मात्र रोझुव्हास्टॅटिनचे शोषण कमी करते, म्हणून ते गोळीनंतर किमान दोन तासांनी घ्यावे. तुम्ही गोळी सकाळी मधुमेहाच्या औषधांसोबत ठेवा, म्हणजे रात्रीच्या अँटासिडशी गाठ पडणार नाही. आणि जळजळ रोज होत असेल, तर स्टेंट आणि ॲस्पिरिन असलेल्या माणसाने अँटासिडवर भागवू नये, पुढच्या भेटीत तेही डॉक्टरांना सांगा.